पाचवा हात

व्याहीबुवा,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. प्रत्यक्ष आडवा पडलो तर उठवायला माणूस लागेल, आणि माझी कंबर कुठे अडते नि कुठे सुटते हे तुमच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.) आपली प्रकृती ठणठणीत असेल, विहीणबाईंचा दमा आता बरा असेल, जावईबापू वेळेवर जेवत असतील आणि आमची कन्या आपल्या घरी शहाण्यासारखी वागत असेल अशी आशा करतो. शेवटची आशा जरा जास्तच आहे हे मान्य. नात दोन महिन्यांची झाली. मी तिला अजून फोनवरच पाहिली आहे, आणि आमच्या कन्येची फोन धरायची तऱ्हा अशी की मला नातीचं कपाळ आणि तुमच्या घरातला पंखा एवढंच दिसतं. कपाळ छान आहे. कोणावर गेलंय ते कळायला अजून खालचा भाग दिसायला हवा.

पत्राला 'आपण' म्हणून सुरुवात केली खरी, पण ते किती वेळ टिकेल सांगता येत नाही. बावीस वर्षं आपण क्लबच्या मैदानावरच्या स्टँडखालच्या त्या एका खोलीत काढली. एका बाजूला तुमचं मालिशचं टेबल, दुसऱ्या बाजूला माझी कपडे धुण्याची मशीनं. त्या काळात आपण एकमेकांना जे म्हणायचो ते व्याह्यांच्या पत्रात लिहिण्यासारखं नाही. मग तुमच्या मुलाने आणि माझ्या मुलीने परस्पर ठरवून आपल्याला व्याही करून टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून टेबलापलीकडून 'गाढवा, टॉवेल फेक' ऐवजी 'जरा टॉवेल देता का' असं ऐकू यायला लागलं. खेळाडू आठवडाभर पोट धरून हसत होते. तुम्ही 'देता का' म्हणालात की माझ्या हातातून टॉवेलच पडायचा. तेव्हा पत्रात मध्येच कुठे 'तू' आलं तर रागावू नका. सवय बावीस वर्षांची आहे, सोयरीक दोनच वर्षांची.

पत्र लिहायचं तसं काही कारण नाही. सहज लिहितोय. (चार दिवस सहज लिहितोय. तीन कागद फाडले.) काही गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत, पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय काही सांगताच येत नाही, हा माझा जुना रोग तुम्ही चालवून घेत आला आहात, तसा आताही घ्या.

साथ आली, फुटबॉलची लीग बंद पडली, आपण घरी बसलो. तीन महिन्यांनी क्लबच्या अध्यक्षांनी सभा बोलावली, सामने पुन्हा सुरू करायचे की नाही ते ठरवायला. नऊजणांची सभा, फोनच्या पडद्यावर. आम्हा कामगारांच्या वतीने एक माणूस हवा होता. सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं. तुम्ही म्हणालात, मला पडद्यावर बोलता येत नाही, याला पाठवा. (माझी निवड का झाली? तर माझ्या फोनचा कॅमेरा फुटलेला नव्हता म्हणून. ही खरी लोकशाही.) सभेच्या आदल्या दिवशी तुम्ही फोन केलात. "तुम्ही त्यांना एवढंच सांगा," तुम्ही म्हणालात, "की थोडं थांबा. खेळ कुठे पळून जात नाही. माझं काम लांबून होत नाही, मला माणसाला हात लावावाच लागतो. आणि घरी सुनेला सातवा महिना आहे." सून म्हणजे माझीच मुलगी. मी म्हणालो, "सांगतो. हे काय सांगायला हवं?"

सभा दुपारी चारला. मी वरून इस्त्रीचा शर्ट आणि खालून घरातली लुंगी अशा थाटात जेवणाच्या टेबलाशी बसलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात, कॅमेऱ्यात येणार नाही पण सगळं ऐकू येईल अशा बेताने, तांदूळ निवडत उभी. (उभ्याने तांदूळ निवडताना तिला मी जन्मात पाहिलं नव्हतं.) प्रत्येकजण आपापल्या चौकोनात. कोच म्हणाला, पोरांचे पाय गंजतील. हिशेबनीस म्हणाला, टेलिव्हिजनवाले करार मोडतील, मग क्लबच राहणार नाही. जनसंपर्कवाल्या बाई म्हणाल्या, लोक घरात कोंडलेत, त्यांना दोन घटका विरंगुळा नको का? यातलं काहीच खोटं नव्हतं. ग्राउंडवर गवत राखणाऱ्याचा रोज मला फोन यायचा, "बूट न लागलेलं गवत बघवत नाही हो." तेव्हा बाजू दोन्हीकडे होत्या, हे मी आजही म्हणतो.

मग आपले क्लबचे डॉक्टर बोलायला लागले, आणि त्यांचा माइक बंद. पण ते काय सांगत होते! बोटांवर एकेक मुद्दा मोजत होते, चष्मा काढत होते, कसलासा तक्ता कॅमेऱ्यासमोर धरत होते, मध्येच त्यांनी छातीवर हात ठेवून श्वास घेऊन दाखवला. सहा-सात मिनिटं. एकानेही 'डॉक्टर, आवाज येत नाही' म्हटलं नाही. मी पण नाही. मला वाटलं, माझ्याच फोनचा दोष असेल, उगाच कशाला अडाणीपणा दाखवायचा. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद डॉक्टर, अत्यंत महत्त्वाचे मुद्दे मांडलेत," आणि पुढे गेले.

फक्त एका माणसाने सरळ प्रश्न विचारला. आपला गोलकीपर, भिंत. (छत्तिसाव्या वर्षीसुद्धा त्याच्या अंगावरून चेंडू जात नाही म्हणून पडलेलं नाव.) तो खेळाडूंच्या वतीने बसला होता. म्हणाला, "आमच्यातला एखादा आजारी पडून बरा झाला, पण पहिल्यासारखा झालाच नाही, तर तुम्ही त्याला काय म्हणणार आहात?" कोणीतरी खोकलं आणि लगेच 'साधा आहे, साधा आहे' असा खुलासा केला.

मग मतदान. बाजूने असतील त्यांनी हात वर करायचे. चार हात वर गेले. भिंत, डॉक्टर आणि आणखी दोघं, असे चार हात खालीच. राहिला एक. तो एक कोण, ते येईलच पुढे. आधी जर्सींचं सांगतो, कारण ते तुम्हाला अर्धवटच कळलंय.

सामने सुरू करायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही क्लबला कळवलंत की मी येणार नाही, आणि मग मला फोन केलात. तो फोन मला शब्द न् शब्द पाठ आहे, पण तोही नंतर. (किती गोष्टी नंतर ठेवतोय मी.) क्लबने तुमच्या जागी कोणी माणूस घेतलाच नाही. एक यंत्र आणलं. पिस्तुलासारखं दिसतं, मांडीवर टेकवलं की टर्रर्र वाजतं. खेळाडू ते आपल्या हाताने लावून घेतात, एकेकटे, सहा फुटांवर बसून. तुमच्या टेबलावर पडल्या पडल्या ही पोरं काय काय बोलायची! कोणाचं लग्न मोडतंय, कोणाचा बाप बोलत नाही, कोण क्लब सोडायच्या विचारात आहे. मी मशीनच्या आवाजाआडून सगळं ऐकायचो आणि तुम्ही कोणाला काही सांगायचा नाहीत. आता टर्रर्र. त्याला कोण काय सांगणार?

जर्सी. आरोग्यखात्याकडून कागद आला की सगळे कपडे उकळत्या पाण्यात धुवायचे आणि कडक गरम हवेत वाळवायचे. जर्सीच्या आतल्या पट्टीवर लिहिलेलं की गार पाण्यात धुवा, तापवू नका. मी कागदाचं ऐकलं, कारण कागदावर शिक्का होता. पहिल्या सामन्याच्या सकाळी वाळवणीच्या मशीनमधून जर्सी काढल्या तर पाठीवरचे आकडे एकमेकांना चिकटून बसलेले. सोडवताना निम्मे उतरले. नव्या जर्सी नाहीत, वेळ नाही. मी डिंक लावून जमेल तेवढं डागडुजीचं काम केलं आणि संघ मैदानावर पाठवला. वीस मिनिटांत घामाने डिंक सुटला. आठ नंबरच्या आठाची डावी बाजू गळून पडली आणि तो तीन झाला. त्याने एकाला पाय घातला. पंचाने पाठ पाहिली, वहीत लिहिलं, तीन नंबर, पिवळं कार्ड. खरा तीन नंबर बाकावर मास्क लावून केळं खात होता. शेवटच्या पंधरा मिनिटांत तो आत गेला, चार मिनिटांत त्याच्याकडून साधा धक्का लागला, पंचाने वही उघडली, दुसरं पिवळं, म्हणून लाल. तो बिचारा पंचाला सांगतोय, "साहेब, पहिलं मी खाल्लंच नाही, मी केळं खात होतो." प्रेक्षक नसल्यामुळे हे वाक्य सगळ्या मैदानावर आणि टेलिव्हिजनवर स्पष्ट ऐकू आलं. भिंत गोलमध्ये गुडघ्यावर बसून हसत होता. नंतर मला म्हणाला, "काका, धुलाईमुळे बाहेर गेलेला जगातला पहिला खेळाडू तुम्ही घडवलात."

दुसरं प्रकरण शिंकेचं. साथीत गेलेल्यांसाठी सामन्याआधी एक मिनिट स्तब्धता होती. पंधरा हजार खुर्च्या रिकाम्या, मैदानावर बावीसजण माना खाली घालून, आणि मी बाकाशेजारी. सकाळभर साबणाच्या भुकटीत हात घालून मी उभा होतो. चाळिसाव्या सेकंदाला ती आली. मी नाक दाबलं, तोंड दाबलं, श्वास दाबला, आणि त्या सगळ्यामुळे ती जेव्हा सुटली तेव्हा स्टँडवरून तीनदा परत आली. दोन्ही संघांनी माना वर केल्या. पाहुण्यांचा कर्णधार चार पावलं मागे सरकला आणि म्हणाला, तो माणूस इथे आहे तोवर आम्ही खेळत नाही. मला मैदानाबाहेर काढलं. बावीस वर्षांत मी पहिल्यांदाच टेलिव्हिजनवर दिसलो, तो पाठमोरा. पुढे चौदा दिवस घरातल्या मागच्या खोलीत. तपासणीत काही निघालं नाही. बायको ताट दाराशी ठेवायची आणि दार वाजवून म्हणायची, "साबणवाले, जेवा."

हसलात ना? हसा. यापुढे हसण्यासारखं फारसं नाही.

मी मागच्या खोलीत असतानाच संघ बसने परगावी गेला. परत आला तेव्हा सातजण आजारी. लीग पाच आठवडे चालून पुन्हा बंद पडली. सहाजण पंधरा दिवसांत बरे झाले. भिंत अकरा दिवस दवाखान्यात होता. घरी आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि मग त्याच्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही. त्याला आता अडीच महिने झाले.

गेल्या रविवारी मी त्याची पिशवी द्यायला गेलो. हातमोजे, बूट, दोन टॉवेल. तो दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी खालून हाक मारली, म्हटलं पिशवी जिन्यात ठेवतो, तू सावकाश ये. तो म्हणाला, "थांबा, येतो." एक मजला उतरला आणि कठड्याला धरून पायरीवर बसला. उतरून, व्याहीबुवा. चढून नव्हे. नुसता हाताने 'थांबा, थांबा' करत होता. हा माणूस लांब उडी मारून कोपऱ्यातला चेंडू काढायचा आणि उठता उठता आपल्याला डोळा मारायचा.

मी खाली उभा. मला म्हणायचं होतं एक आणि मी म्हणालो भलतंच. म्हणालो, "टॉवेल गार पाण्यात धुतलेत."

तो हसला. मग म्हणाला, "काका, तुमच्यावर राग नाही. पण खरं सांगू? त्या दिवशी तुमचा हात वर गेला तेव्हा मला वाटलं, तुम्हाला काहीतरी विचारायचंय."

तर आता सांगतो. पाचवा हात माझा होता.

चार-चार झाले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "आता एकच मत राहिलं," आणि त्यांनी माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शेवटी 'साहेब' लावून. बावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी दोनदा बोलला होता. एकदा विचारलं होतं की संडास कुठे आहे, आणि एकदा मला तू समजून पाठ दुखते म्हणाला होता. आणि आता म्हणतो, "तुम्ही या क्लबचा कणा आहात. निर्णय तुमच्या हातात आहे." मी काही गवत राखणाऱ्याचा विचार करून हात वर केला नाही रे. लोकांच्या विरंगुळ्याचाही नाही. तसा केला असता तर आज मान वर करून वाद घातला असता तुझ्याशी. मला फक्त त्या माणसाला नाही म्हणवेना. इतक्या चांगल्या शब्दांत कोणी मला आजवर काही मागितलंच नव्हतं. हात वर गेला, अध्यक्षांनी 'वा' म्हटलं, आणि ते 'वा' ऐकून मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. तुझी सून, म्हणजे माझी पोर, सातव्या महिन्यात, वहिनींचा दमा, तुझे ते दिवसभर घामाला लागणारे हात, यातलं काही म्हणजे काही त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच होतं की शर्टाची कॉलर सरळ आहे ना.

पडदा बंद झाला. बायको दारातच होती. म्हणाली, "हात कशाला वर केलात?" मी म्हणालो, "सगळ्यांचंच तसं मत होतं." ती म्हणाली, "मी मोजत होते." आणि तांदूळ घेऊन आत गेली.

मग तुझा तो फोन. व्याही झाल्यापासून पहिल्यांदाच तू मला 'तू' म्हणालास. "मी सोडतोय काम," म्हणालास. "मैदानावरून घरी येऊन सुनेच्या ताटाला हात लावायचा, हे मला जमायचं नाही. जाऊ दे. तू तरी आपल्या बाजूने बोललास ना?" आणि मी म्हणालो, "हो तर. बोललो की. पण वरूनच ठरलं होतं."

माझ्या मुलीसाठी तू बावीस वर्षांचं टेबल सोडलंस, आणि मी तुला हे म्हणालो. नात झाली तेव्हा तू तीनदा बोलावलंस. मी एकदा साबणाची अॅलर्जी सांगितली, एकदा कंबर, एकदा बस बंद. बस चालू होत्या. तोंड दाखवायला तोंड नव्हतं.

बाकी सर्व क्षेम. विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, कन्येला रागावू नका, नातीला जे काही त्या वयात देतात ते द्या.

आपला, (हा शब्द आज जरा अवघड जातोय)
कपडेवाला व्याही

ता. क. येत्या गुरुवारी चार वाजता पुन्हा सभा आहे. पुन्हा तोच प्रश्न, सामने सुरू करायचे का. डॉक्टरांना मी स्वतः फोन करून माइक कुठून चालू करतात ते समजावून सांगितलंय. काल अध्यक्षांचा मला घरी फोन आला. पुन्हा पूर्ण नाव, पुन्हा 'साहेब'. या वेळी नाही म्हणायचं ठरवलंय, पण गेल्या वेळीही ठरवलंच होतं. तर विनंती अशी की माझ्याऐवजी तुम्ही बसाल का सभेला? मला माझा भरवसा नाही.

ता. क. (हे मी, यांची बायको. पाकिटाला डिंक लावायला दिलं होतं, म्हणून वाचलं.) व्याहीभाऊ, यांना हे अजून सांगितलेलं नाही. सभा संपल्यावर पाचच मिनिटांत मी विहीणबाईंना फोन केला होता आणि हात कोणी वर केला ते सांगून टाकलं होतं. फोन स्पीकरवर होता. तुम्ही मागून म्हणालात, "वहिनी, त्याला काही विचारू नका. मी त्याला बोलायला वाव देतो, तो स्वतःहून सांगेल." सांगायला साडेचार महिने लागले. मी रोज वाट पाहत होते. बाळासाठी दोन दुपटी शिवली आहेत, मुलीला निळी कशी असं कोणी म्हणू नये, कापड तेवढंच होतं.

ता. क. हे आत्ता वाचलं. म्हणजे 'बोललास ना?' असं तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्ही मला दार उघडून दिलं होतं, आणि मी 'हो तर' म्हणून ते आतून लावून घेतलं. वरची विनंती रद्द समजा. सभेला मीच बसतो. पण तुमच्या घराबाहेरच्या पायरीवर बसून, फोन घेऊन, मास्क लावून. तुम्ही फक्त चार वाजता आतून खिडकीशी या. काही बोलू नका, खुणा करू नका. नुसते मला दिसत राहा.